सहा मिनिटे, तीस मीटर : बैठ्या दिनक्रमाच्या निरोगी प्रौढांची चालचाचणी (प्रकल्प नोंदी, नागपूर)

३ नोव्हेंबर

नैतिक समितीचे मंजुरीपत्र आज हाती आले, म्हणून ही वही आजपासून रीतसर सुरू करत आहे. प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो. ज्यांना कोणताही आजार नाही, पण जे व्यायामही करत नाहीत, अशा प्रौढांची उंची, वजन, कमरेचा घेर आणि पायांची लांबी यांचा त्यांनी सहा मिनिटांत चाललेल्या अंतराशी कितपत संबंध असतो, हे आम्हाला पाहायचे आहे.

हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागातल्या रोजच्या कामातून आला. हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या रुग्णांची चालचाचणी आम्ही नेहमी घेतो, मिळालेले अंतर एखाद्या परदेशी सूत्रातून काढलेल्या अपेक्षित अंतराशी ताडून पाहतो आणि रुग्ण 'कमी' चालला असे कागदावर लिहून मोकळे होतो. पण आपल्याकडचा निरोगी माणूस, जो दिवसभर गल्ल्यावर किंवा टेबलामागे बसतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही दुचाकीने जातो, तो किती चालतो हे आधी ठाऊक असायला हवे. ते ठाऊक नसेल, तर रुग्णाच्या अंतरातला किती वाटा आजाराचा, किती सवयीचा आणि किती त्याच्या अंगकाठीचा, हे सांगण्याचा आपल्याला अधिकार पोहोचत नाही.

चाचणी जुनी आहे. कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांत कापलेल्या अंतरावरून तंदुरुस्ती ठरवण्याची पद्धत मांडली, १९७६ मध्ये मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती दीर्घकालीन ब्राँकायटिसच्या (श्वासनलिकांच्या जुनाट सुजेच्या) रुग्णांसाठी चालण्यावर आणली आणि १९८२ मध्ये बटलँड यांच्या गटाने सहा मिनिटेही पुरतात हे दाखवले. आम्ही अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या २००२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काम करणार आहोत.

काम फेब्रुवारीअखेर आटोपायचे आहे, कारण आमच्या मार्गिकेत वातानुकूलन नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना घेतलेली चाचणी पायांपेक्षा उन्हाचीच जास्त ठरेल.

६ नोव्हेंबर

तळमजल्यावरची मार्गिका पोलादी टेपने मोजली. सरळ, सपाट आणि सलग ३० मीटर मिळाले. दर ३ मीटरवर पट्टी चिकटवली आणि दोन्ही टोकांना नारिंगी शंकू ठेवले. मार्गिकेच्या लांबीचा आग्रह वरवर किरकोळ वाटतो, पण ६०० मीटर चालणाऱ्याला ३० मीटरच्या मार्गिकेत १९ वेळा वळावे लागते आणि २० मीटरच्या मार्गिकेत २९ वेळा. प्रत्येक वळणावर माणूस वेग कमी करतो, अंग फिरवतो आणि पुन्हा वेग घेतो. गोलाकार मार्गावर, जिथे वळायचेच नसते, तिथे रुग्ण सरासरी २८ मीटर जास्त चालल्याची नोंद आहे. त्यामुळे मार्गिका किती लांबीची होती हे न सांगता दिलेल्या अंतरावर मी यापुढे विश्वास ठेवणार नाही.

११ नोव्हेंबर

सूचना फलकावर आवाहन लावून पाच दिवस झाले. सर्वांत उत्साहाने नाव नोंदवायला आलेले लोक नेमके रोज पहाटे अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर फेरी मारणारे निघाले. चालण्याची चाचणी म्हटली की चालणारेच पुढे येतात आणि आम्हाला हवा असलेला माणूस मात्र 'मला काय जमणार' असे म्हणून मागे राहतो. आवाहनाचा कागद काढून टाकला आहे. आता रुग्णांसोबत आलेले नातेवाईक, संस्थेतले कार्यालयीन कर्मचारी आणि इतवारी-महाल भागातले ओळखीचे दुकानदार यांना आम्ही स्वतः जाऊन विचारणार आहोत.

१४ नोव्हेंबर

'निष्क्रिय' कोणाला म्हणायचे, यावर आजचा सगळा दिवस गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. तिच्याच प्रश्नावलीत मध्यम श्रमाच्या मिनिटाला ४ आणि जोरकस श्रमाच्या मिनिटाला ८ असा भार देतात आणि आठवड्याची बेरीज ६०० च्या खाली आली, तर व्यक्ती अपुरी सक्रिय धरतात. गणित सोपे आहे, अवघड आहे ते विचारणे. आज एका काकूंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "मी तं काहीच करत नाही जी, घरीच असतो." पुढे एकेक काम विचारत गेल्यावर कळले की त्या पहाटे खालच्या नळाचे पाणी दोन जिने वर नेतात, धुणे हाताने धुतात आणि पाच खोल्यांची फरशी बसून पुसतात. त्यांची बेरीज ६०० च्या कितीतरी वर गेली. त्यांच्या मागोमाग आलेले बँकेतले एक गृहस्थ "मी रोज फिरतो" असे ठामपणे म्हणाले, पण ते फिरणे म्हणजे जेवणानंतर फाटकापर्यंत जाऊन शेजाऱ्यांशी उभ्याने बोलणे होते.

घरकाम हे काम आहे, हे प्रश्न विचारणाऱ्याने स्वतः आधी मान्य केले नाही तर बायकांची उत्तरे चुकीचीच येणार. म्हणून प्रश्नावलीतला 'काम' हा शब्द आम्ही एकट्याने वापरणार नाही. पाणी भरणे, धुणे, फरशी पुसणे, जिने चढणे, ओझे उचलणे अशी नावे घेऊन विचारू. शिवाय प्रत्येकाला सात दिवस कमरेला पावले मोजणारे यंत्र लावायला देऊ. दिवसाला ५००० पेक्षा कमी पावले म्हणजे बैठी जीवनशैली, असा अभ्यासकांमध्ये रूढ असलेला निकष घेऊ आणि प्रश्नावली व यंत्र या दोन्हींवर जो बैठा ठरेल त्यालाच समाविष्ट करू. याने माणसे कमी मिळतील, पण मिळतील ती खरी असतील.

१९ नोव्हेंबर

सूचनांचे मराठी शब्द ठरवले. मूळ सूचनेचा आशय असा, की सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चालून जायचे आहे, मात्र धावायचे नाही. पहिल्या मसुद्यात आम्ही "शक्य तितके लांब चाला" असे लिहिले होते. ते ऐकून सरावासाठी बोलावलेले आमचे शिपाईभाऊ शंकू ओलांडून सरळ दरवाज्याकडे निघाले आणि चूक त्यांची नव्हती, वाक्याची होती. "शक्य तितके जोरात चाला" म्हटले की माणूस पहिल्या दोन मिनिटांत दमून जातो. शेवटी असे वाक्य कायम केले : "या दोन शंकूंच्या मध्ये सहा मिनिटे ये-जा करायची आहे, जितक्या जास्त फेऱ्या होतील तितक्या करा, पण धावू नका. दम लागला तर हळू व्हा किंवा थांबा, आणि बरे वाटले की पुन्हा चालू लागा."

दर मिनिटाला द्यायचे प्रोत्साहनही ठरीव शब्दांतच द्यायचे आहे. "छान चालत आहात, अजून पाच मिनिटे आहेत" याच्या पुढे एक शब्द नको. आपल्याकडे चालणाऱ्याला "चला चला, वाढवा पाय" म्हणायचा मोह आवरत नाही, पण एकाला तसे म्हटले आणि दुसऱ्याला नाही, तर आपण दोघांचे पाय न मोजता आपला स्वतःचा उत्साह मोजत असतो.

२७ नोव्हेंबर

मापांची पद्धत पक्की केली. उंची सकाळीच घ्यायची, कारण दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दबून माणूस सेंटिमीटरभर उतरतो. पादत्राणे काढून, टाचा भिंतीला लावून, कानाचे छिद्र आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत येईल अशी मान ठेवून माप घ्यायचे. पायाची लांबी निजवून, कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेपने मोजायची, दोन्ही पायांची, दोनदा.

कमरेचा घेर हे माप सर्वांत नाजूक आहे. तो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर घ्यायचा असतो. लोक मात्र पट्टा बांधतात ती जागा दाखवतात आणि पोट सुटलेल्या पुरुषाचा पट्टा पोटाच्या खाली असतो. बायकांची मापे मी स्वतः पडद्याआड घेते, पुरुषांची माझा सहकारी घेतो. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आम्ही धरली आहे, आणि बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून जादा वजन, २५ पासून स्थूलता.

२ डिसेंबर

आजपासून प्रत्यक्ष चाचण्या सुरू झाल्या. स्वतःला पूर्ण निरोगी समजणाऱ्या दोघांचा रक्तदाब तपासणीतच वाढलेला निघाला. दोघांनाही चाचणीतून वगळले, पुन्हा एकदा मोजून खात्री केली आणि चिठ्ठी देऊन फिजिशियनकडे पाठवले. त्यांपैकी एक इतवारीतले व्यापारी, वय चाळिशीच्या आत. "मला तर काही त्रासच नाही" हे त्यांचे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्रास नसणे आणि निरोगी असणे यांत अंतर आहे आणि आमच्या निवडीचा पहिला टप्पा त्याच अंतरावर उभा आहे.

९ डिसेंबर

हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेले आहेत. तिघे उशिरा आणि धापा टाकत पोहोचले. चाचणीपूर्वी निदान १० मिनिटे खुर्चीत स्वस्थ बसवण्याचा नियम आहे, आज प्रत्येकाला अर्धा तास बसवले.

१२ डिसेंबर

आज दोन जणांच्या नोंदी एकापाठोपाठ लिहिताना सबंध प्रकल्पाचे मर्म समोर आल्यासारखे वाटले, म्हणून विस्ताराने लिहिते.

सहभागी क्रमांक ११ : पुरुष, वय ४४, उंची १७८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, पायाची लांबी ९५ सेंटिमीटर. त्यांनी २० फेऱ्या (एका शंकूपासून दुसऱ्यापर्यंत ३० मीटर म्हणजे एक फेरी) आणि वर १२ मीटर, म्हणजे ६१२ मीटर अंतर कापले. शेवटी नाडी मिनिटाला ११२. श्रम किती वाटले असे विचारल्यावर बोर्ग यांच्या ६ ते २० च्या पट्टीवर त्यांनी ११ वर बोट ठेवले, म्हणजे हलके.

सहभागी क्रमांक १२ : स्त्री, वय ४६, उंची १४९ सेंटिमीटर, वजन ५४ किलो, पायाची लांबी ७६ सेंटिमीटर. त्यांनी १८ फेऱ्या आणि २१ मीटर, म्हणजे ५६१ मीटर अंतर कापले. शेवटी नाडी १४८ आणि श्रमाचा आकडा १५, म्हणजे जड.

नुसते अंतर पाहिले तर पहिला माणूस ५१ मीटरने सरस ठरतो. एनराइट आणि शेरिल यांनी १९९८ मध्ये ४० ते ८० वयोगटातील ११७ पुरुष आणि १७३ स्त्रियांवरून काढलेली सूत्रे आमच्या विभागात वापरली जातात, ती दोघांना लावून पाहिली. पुरुषासाठी उंचीचे सेंटिमीटर ७.५७ ने गुणायचे, त्यातून वयाची ५.०२ पट आणि वजनाची १.७६ पट वजा करायची आणि आणखी ३०९ वजा करायचे. उत्तर आले ६७३ मीटर. स्त्रीसाठी उंचीची २.११ पट घेऊन त्यातून वजनाची २.२९ पट आणि वयाची ५.७८ पट वजा करायची आणि ६६७ मिळवायचे. उत्तर आले ५९२ मीटर. म्हणजे पहिले गृहस्थ अपेक्षित अंतराच्या ९१ टक्के चालले आणि काकू ९५ टक्के.

या सूत्रांकडे नीट पाहिले की अंगकाठीचे महत्त्व कळते. पुरुषाची उंची १० सेंटिमीटरने जास्त असली तर त्याच्याकडून ७६ मीटर जास्त अपेक्षिले जातात आणि वयाने तेवढे अंतर घटायला १५ वर्षे लागतात. स्त्रीच्या बाबतीत तोच १० सेंटिमीटरचा फरक फक्त २१ मीटरचा आहे, आणि १० किलो वजनाचा फरक २३ मीटरचा. व्यायामाचा या सूत्रांत कुठेही उल्लेख नाही.

आता नाडी. वयानुसार कमाल नाडीचा अंदाज २०८ वजा वयाची ०.७ पट असा घेतला, तर गृहस्थ आपल्या कमाल नाडीच्या ६३ टक्क्यांवर होते आणि काकू ८४ टक्क्यांवर. एकाने सहा मिनिटे रमतगमत काढली, दुसरीने जवळजवळ सगळी ताकद लावली. दोघांच्या अंतरांना एकाच फूटपट्टीने 'जास्त' आणि 'कमी' म्हणणे मला यापुढे जमणार नाही.

१८ डिसेंबर

पायांच्या लांबीचा हिशेब सहकाऱ्याने वेगळ्या वाटेने करून आणला आणि तो मला फार आवडला. चालताना टेकलेला पाय उलट्या टांगलेल्या लंबकासारखा असतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीत पुढे जाते. वेग वाढत गेला की एका टप्प्यावर गुरुत्वाकर्षण शरीराला त्या कमानीत धरून ठेवायला पुरत नाही आणि माणूस आपोआप धावू लागतो. हा टप्पा ढोबळमानाने पायाची लांबी आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या निम्म्याच्या वर्गमुळाइतका येतो. क्रमांक ११ साठी तो सेकंदाला साधारण २.१६ मीटर आहे आणि क्रमांक १२ साठी १.९३. त्यांचे प्रत्यक्ष वेग १.७० आणि १.५६ मीटर होते. म्हणजे ज्या वेगाला त्यांना धावावे लागले असते, त्याच्या ७९ टक्क्यांवर गृहस्थ चालत होते आणि ८१ टक्क्यांवर काकू. आम्ही पाय मोजतो ती जागा आणि या हिशेबाला लागणारी खुब्याची उंची तंतोतंत एक नव्हेत, म्हणून आकडे अंदाजे समजावेत, पण दिशा स्पष्ट आहे.

यातून चाचणीची एक मर्यादाही दिसते. धावायला मनाई असल्यामुळे, सेकंदाला २ मीटरच्या आसपास चालणारा निरोगी माणूस ७२० मीटरच्या घरात अडतो. त्याचे हृदय आणखी देऊ शकते, पण चाल देऊ शकत नाही. रुग्णांत ही अडचण सहसा येत नाही, निरोगी आणि तरुण लोकांत येते.

२४ डिसेंबर

पेहराव. आतापर्यंतच्या बऱ्याच स्त्रिया साडीत आणि चपलांवर आल्या. साडीच्या घोळात टांग मर्यादित राहते आणि ढिल्या चपलेत बोटे आवळून चालावे लागते. 'सोयीचे कपडे व बूट' असे सूचनापत्रात छापून आमची जबाबदारी संपत नाही, कारण अनेकींच्या घरी तसे बूट नाहीतच. आज ठरवले, की रोज ज्या पेहरावात त्या चालतात त्यातच चाचणी घ्यायची, मात्र वहीत पेहराव आणि पादत्राण यांचा स्वतंत्र रकाना ठेवायचा. एका ताईंनी स्वतःहून सलवार-कमीज घालून पुन्हा चालून दाखवायची तयारी दाखवली. त्यांची दुसरी चाचणी परवा.

५ जानेवारी

आज मोठी चूक सापडली. सकाळी नेहमीप्रमाणे टेप लावला, तर दोन शंकूंमधले अंतर २९.४ मीटर भरले. फरशी पुसताना शंकू हलवावे लागतात हे उघड आहे आणि ते परत ठेवताना जागेची खूण पाहिली गेली नाही. शेवटचे माप आम्ही २ जानेवारीला घेतले होते, म्हणजे मधल्या दोन दिवसांच्या पाच चाचण्या संशयास्पद झाल्या. २० फेऱ्यांत ही चूक १२ मीटरची होते. दुरुस्तीचा गुणक लावून आकडे वाचवावेत असे एका सहकाऱ्याने सुचवले, पण शंकू नेमके केव्हा हलले हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून पाचही चाचण्या रद्द केल्या आणि पाचही जणांना मी स्वतः दूरध्वनी करून क्षमा मागितली. चौघे पुन्हा यायला तयार आहेत. जमिनीवर शंकूच्या बुडाभोवती आता रंगाने वर्तुळ काढले आहे आणि रोज पहिल्या चाचणीआधी टेप लावून सही करायची आहे.

९ जानेवारी

थंडी चांगलीच आहे. सकाळच्या सहभागींची बोटे इतकी गार असतात की पल्स ऑक्सिमीटरला नाडी सापडत नाही. हात चोळून, दोन मिनिटे थांबून मोजतो. नखांना गडद रंग असेल तर तो पुसून घेतो.

१४ जानेवारी

संक्रांत. चाचण्या बंद. दुचाकीने येणाऱ्यांना नायलॉन मांज्याच्या दिवसांत बोलावणे योग्य नाही, म्हणून उद्याचीही वेळ कोणाला दिलेली नाही.

२१ जानेवारी

प्रत्येकाच्या दोन चाचण्या घ्याव्यात की एक, यावर सुरुवातीला आमच्यात मतभेद होता. युरोपियन आणि अमेरिकन श्वसनविकार संस्थांनी २०१४ मध्ये एकत्रितपणे दिलेल्या निकषांत दोन चाचण्या सांगितल्या आहेत, कारण दुसऱ्या खेपेला माणूस सहसा जास्त चालतो. आता इतक्या जणांना पाहिल्यावर मी दोन चाचण्यांच्या बाजूने आहे. बैठ्या माणसाला सहा मिनिटे भरभर चालण्याचा अनुभवच नसतो. पहिल्या खेपेला तो घाबरून जपून चालतो किंवा सुरुवातीलाच दमछाक करून घेतो. दुसऱ्या खेपेला त्याला आपली गती सापडलेली असते. वाढलेल्या मीटरांना आम्ही सुधारलेली तंदुरुस्ती म्हणू शकत नाही, कारण अर्ध्या तासात कोणी तंदुरुस्त होत नाही. पुढे व्यायामाचा परिणाम मोजताना पहिलीच चाचणी आधार धरली, तर ही ओळखीची वाढ व्यायामाच्या खात्यात जमा होईल. आम्ही दोहोंतले मोठे अंतर धरतो आणि दोन्ही आकडे नोंदवतो.

३ फेब्रुवारी

दुपार आता तापू लागली आहे, चाचण्या सकाळी साडेअकराच्या आत संपवतो. रद्द झालेल्यांपैकी चौथ्या सहभागीची चाचणी आज झाली, पाचवे गृहस्थ बाहेरगावी बदलून गेले.

विश्लेषणात काय करायचे नाही, हे आज लिहून ठेवले. वजन आणि बीएमआय एकाच गणितात एकत्र घालायचे नाहीत, कारण बीएमआयमध्ये वजन आधीच आहे. उंची आणि पायाची लांबी यांचेही तसेच. स्त्रिया सरासरीने ठेंगण्या असल्यामुळे उंचीचा परिणाम आणि स्त्री-पुरुष भेदाचा परिणाम एकमेकांत मिसळतो, म्हणून दोन्ही गटांचे आलेख आधी वेगळे काढून डोळ्यांनी पाहायचे आणि मगच सूत्राकडे वळायचे. चाळिशीच्या आतल्या सहभागींना एनराइट यांचे सूत्र लावायचे नाही, ते त्यांच्यासाठी बनलेले नाही.

११ फेब्रुवारी

सहभागींना द्यायच्या अहवालाचा नमुना आज बदलला. आधीच्या नमुन्यात 'आपण चाललेले अंतर' आणि 'अपेक्षित अंतर' एवढेच होते. आता विश्रांतीची नाडी, चाचणीअखेरची नाडी, एका मिनिटानंतरची नाडी, श्रमाचा आकडा, कमरेचा घेर आणि पेहराव यांची भर घातली आहे, आणि अपेक्षित अंतरासमोर ते कोणत्या लोकांवरून काढले आहे हे मराठीत लिहिले आहे.

क्रमांक १२ च्या काकू अहवाल घ्यायला आज आल्या होत्या. "माझं कमी आलं असेल ना बाई?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांना बसवून नाडीचे आकडे समजावून सांगितले, त्यांच्या उंचीला ५६१ मीटर हे चांगले अंतर आहे, पण तेवढ्यासाठी हृदयाला फार पळावे लागले, म्हणून रोजच्या चालण्याला हळूहळू सुरुवात करावी, पहिले पंधरा दिवस दहा मिनिटेच, असे सांगितले. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि पावले मोजण्याचे ते यंत्र आणखी एक आठवडा मिळेल का, असे विचारले. यंत्र क्रमांक ४ त्यांच्या नावावर १८ फेब्रुवारीपर्यंत नोंदवून दिले आहे.